गुडघ्याचं दुखणं

अन्याय झाला तो आठ वर्षांच्या कुमुदवर. सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी, कारखान्याच्या दवाखान्याच्या अंगणात, भर रांगेत. तिचं नाव ध्यानात ठेवा. तिच्या आईचं मी सांगणार नाही. आम्ही सारे त्यांना अक्का म्हणायचो.

अक्का तुम्हीही पाहिल्या असतील. मल्लेश्वरमच्या चढावर कुमुदचा हात धरून निघायच्या आणि मध्येच गुडघा धरून उभ्या राहायच्या. "थांब गं, स्वल्प थांब. मेला हा गुडघा!" कुमुद थांबायची. तिची धाप खाली बसली, की गुडघाही बरा व्हायचा.

हाच गुडघा घेऊन अक्का भरलेल्या दोन घागरी एका दमात माडीवर न्यायच्या. मी तेव्हा कारखान्यात पत्रकं वाटायचो. एकदा विचारलं, "अक्का, गुडघा फक्त कुमुदबरोबरच दुखतो का हो?"

"तू पत्रकं वाट की! माझ्या गुडघ्यावर नको छापूस," म्हणाल्या आणि हातावर चकली ठेवली.

मी खालच्या खोलीत राहायचो, त्यामुळे खरं दुखणं मला ठाऊक होतं. सांधेतापानं कुमुदच्या हृदयाची झडप खराब झाली होती. साधा फ्लूसुद्धा हिला झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पावसाळ्यात शहरभर फ्लू फिरला तेव्हा अक्कांनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं नव्हतं. थंडीत साथ परतेल म्हणत होते, तेवढ्यात लस आली. थोडीच. आधी कामगारांना, उरेल ती हृदयाच्या नि दम्याच्या मुलांना. पत्रकं मीच वाटली होती.

अक्का आल्या. टेबलामागच्या कारकुनानं खणखणीत विचारलं, "मुलीला आजार काय?"

मागे, दोन माणसं सोडून, कुमुदच्या थोरल्या बहिणीच्या होणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या.

"आजार? छे हो अण्णा. स्वल्प अशक्त आहे, इतकंच."

"मग ही लस हिच्यासाठी नाही. पुढे कोण?"

मी घुसलो. "खोटं आहे! हिच्या हृदयाला..."

"ह्याचं काय ऐकता?" अक्का म्हणाल्या. "पत्रकं वाटून वाटून ह्याला सगळं गाव आजारी दिसतंय!"

रांग हसली. सासूबाईही हसल्या. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की त्यांची बांगडी मला रुतली.

"आई नाही म्हणते ना?" कारकून म्हणाला. "मग तुम्ही कोण?"

मी कोण? खालच्या खोलीतला.

दुपारी रांग पांगल्यावर अक्का एकट्याच मागच्या दारानं डॉक्टरांकडे गेल्या. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रिकाम्या बाटल्या दाखवल्या.

थोरलीचं लग्न थाटात झालं. माघात कुमुदला ताप आला. तो उतरलाच नाही.

नंतर अक्का त्याच चढावरून जायच्या. एकट्या, हातात पिशवी, कुठेही न थांबता. एकदा शेजारणीनं विचारलं, "गुडघा बरा झाला वाटतं, अक्का?"

"हो की," त्या म्हणाल्या. "आता नाही दुखत." आणि तशाच वर गेल्या.

वर्षभरात ते कुटुंब बेळगावला परत गेलं. ते टेबल मात्र अजून अंगणातच आहे. ते आत हलवा म्हणून मी अर्जावर अर्ज केले. आत जागा नाही म्हणतात. म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्हाला, रांगेत उभ्या राहणाऱ्यांना: पुढची बाई टेबलापाशी पोचली, की मागे सरा. तिला बोलू द्या. आणि कानावर पडलंच, तर तिच्या घरची सोयरीक मोडू नका.