शर्टाचं अस्वल

दुसऱ्याने लिहिलेलं वाचून नाक मुरडायची तिला लहानपणापासून सवय, आणि पुढे त्याच सवयीवर तिचं पोट चालायला लागलं. ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. वेगवेगळ्या दुकानांच्या वेबसाइटचं पहिलं पान सुधारून द्यायचं, आलेला माणूस नुसता डोकावून निघून न जाता काहीतरी विकत घेईल असं करायचं, हे तिचं काम. पद्धत साधी होती. त्या मालाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसापुढे पान उघडायचं, मनात पाच मोजायचे, लॅपटॉप मिटायचा आणि विचारायचं, "इथे काय विकतात?" सांगता आलं नाही की पान नापास. मग मालक रडला काय आणि रुसला काय, तिला फरक पडत नसे. ऑफिसचा लिफ्टमन, कँटीनवाला, दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली बाई, कुणालाही तिने सोडलं नव्हतं.

पाण्याचे पंप विकणाऱ्यांबद्दल तिला थोडा आदर होता, कारण ते पंपाला पंप म्हणत. भेटवस्तूवाल्यांचा मात्र तिला मनस्वी तिटकारा. कप विकायचा असला तरी यांना आधी गळा काढावा लागतो, असं ती म्हणे. आणि या जमातीतला सगळ्यात अव्वल नमुना नेमका तिच्या घरात निघाला. तिचा सख्खा थोरला भाऊ, दादा.

दादाच्या अंगात दर दोनेक वर्षांनी नवीन काहीतरी संचारायचं. बाबा गेले आणि त्याला साक्षात्कार झाला: गेलेल्या माणसाच्या शर्टाचं खेळण्यातल्यासारखं अस्वल शिवून द्यायचं, डोळ्यांना त्याच शर्टाची बटणं लावायची, आणि जवळच्यांनी ते एकमेकांना भेट द्यायचं. शिवणार वहिनी, मिरवणार दादा, अशी कामाची वाटणी झाली. वहिनीच्या हाताला खरंच गुण होता आणि कल्पनाही वाईट नव्हती. पण दादाच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर मावळता सूर्य होता, हातात हात होते, आणि लिहिलं होतं, "नात्यांची ऊब, क्षणांचा स्पर्श. आपल्या प्रवासाला मिठी मारा." खाली बटण, "अनुभवा". लिफ्टमन म्हणाला, विमा विकतात. कँटीनवाला म्हणाला, लग्न जुळवतात. दातवाल्या बाईने हळहळून विचारलं, "वृद्धाश्रम आहे का हो?"

"दादा, यात अस्वल कुठंय?" कात्रीने विचारलं.

"अगं, अस्वल म्हटलं की सगळंच हलकं होतं. आपण भावना विकतो."

"खोक्यात घालून कुरिअरवाल्याच्या हातात काय देतोस? भावना?"

"तुला नाही कळायचं. तू पहिल्यापासून रुक्षच."

तिने फुकटात काम अंगावर घेतलं ते वहिनीसाठी. शिवाय दादाचं डोकं ठिकाणावर आणायचं होतं, कारण आता आई त्याच्याकडे राहायला जाणार होती.

हे आईचं प्रकरण वर्षभर चाललं होतं. बाबांच्या मागे आई त्यांच्या जुन्या दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि हल्ली तिचं काहीतरी बिघडलं होतं. कपाट उघडायची, सगळं बाहेर काढायची, परत लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काय शोधतेस विचारलं तर म्हणायची, "ह्यांच्या वस्तू जातात कुठे?" आई विसरायला लागलीय, असं पहिल्यांदा कात्रीनेच म्हटलं. अगदी स्वच्छ शब्दांत म्हटलं, आणि मावशीला, काकांना, शेजारच्या काकूंना, घरमालकांना सांगूनही टाकलं. मग आईकडून आधी बँकेचे व्यवहार काढून घेतले, मग कपाटाच्या किल्ल्या. आता येत्या रविवारी खोल्या रिकाम्या करून आईने दादाच्या मागच्या खोलीत जायचं ठरलं होतं. "मला काही झालेलं नाही. मला माझ्या घरात राहू द्या," असं आई आधी भांडून म्हणाली, मग रडून म्हणाली, आणि मग तिने म्हणणंच सोडलं.

कात्रीने सूर्य उडवला, हात उडवले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गेलेल्या माणसाचा शर्ट पाठवा. त्याचं अस्वल शिवून देतो." खाली लिहिलं, "शर्ट कापावा लागतो. कापलेला शर्ट परत मिळत नाही." बटणावर, "शर्ट पाठवायचा आहे". दादाला फोनवर वाचून दाखवलं तर तो कळवळलाच.

"कापावा लागतो? असं कुणी लिहितं का? गिऱ्हाईक पळून जाईल."

"शर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला हीच एक भीती असते. ती लपवलीस तर तो बटण दाबणार नाही. बरं, मला फोटो हवेत. एकीकडे अख्खा शर्ट, शेजारी त्याचं अस्वल."

"कापण्याआधीचे फोटो कुणी काढत नाही," दादा घाईघाईने म्हणाला.

बिनकामाचा माणूस, असं पुटपुटत तिने वहिनीला विचारलं. वहिनीने लगेच पाठवले. अगदी पहिल्या अस्वलाचे: हँगरवर निळा चौकड्यांचा शर्ट, आणि मग तोच दोन पाय पसरून बसलेला.

रविवारी आईच्या घरात खोकी मांडलेली होती. दादा स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होता, वहिनी चादरींच्या घड्या घालत होती. आई खुर्चीत बसून स्वतःचं घर खोक्यांत जाताना बघत होती. कात्रीला पान एकदा तपासून घ्यायचं होतं. विसरणाऱ्या माणसाइतका चांगला परीक्षक कुठे मिळणार, कितीही वेळा दाखवा, त्याला पान नवीनच, असा विचार तिच्या मनात आला. त्याची तिला लाज वाटली नाही, उलट तो चलाख वाटला. तिने खोक्यावर लॅपटॉप ठेवला, पाच मोजले आणि मिटला.

"आई, इथे काय विकतात?"

"शर्टाचं अस्वल करून देतात. शर्ट कापतात, परत देत नाहीत."

"दादा, ऐकलंस? आईलासुद्धा कळलं!"

"उघड परत," आई म्हणाली.

कात्रीने उघडला. आईने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

"हा ह्यांचा शर्ट आहे."

"आई, असे शर्ट हजारोंनी असतात गं," कात्री म्हणाली. हल्ली आईशी बोलताना तिचा आवाज आपोआप गोड व्हायचा, तसा झाला.

"हजारांची कॉलर मी उलटवलेली नाही. याची झिजली म्हणून उलटवून शिवलीय. खालचं बटण बघ, पांढऱ्या दोऱ्याने लावलंय. निळा दोरा संपला होता. वर्षभर मी हाच शोधतेय."

वहिनीच्या हातातली चादर तशीच राहिली. "आई, तुम्हीच दिलात ना? मला तर घरी सांगितलं, आईंनी आपणहून दिला." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

दारात दादा उभा होता. "आई, तुला सरप्राइज द्यायचं होतं. पण मला वाटलं नव्हतं तू इतक्यात कपाट बघशील. मग तू शोधत सुटलीस, मग सांगायचं कसं? त्यात ही म्हणाली, तू विसरतेस. म्हटलं, ठीक आहे... माझी भावना वाईट नव्हती, आई."

वर्षभर या माणसाने आईला कपाटासमोर बसवून ठेवलं आणि वर भावना सांगतोय! कात्रीच्या जिभेवर शब्द तयार होते. पण "ही म्हणाली" हे दोन शब्द मध्ये आडवे आले. खरंच, तीच म्हणाली होती. कुठल्याशा अस्वलाच्या पानासाठी तिने लिफ्टमनपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. आईसाठी एका डॉक्टरलाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

आई उठली. "भांडी बाहेर काढ आणि जागच्या जागी लाव," ती दादाला म्हणाली. "मी कुठेही जाणार नाही. किल्ल्या दे." मग कात्रीकडे वळली. "मी विसरते म्हणून कुणाकुणाला सांगितलंस?"

कात्रीने नावं सांगितली.

"फोन लाव एकेकाला. इथे, माझ्यासमोर. मला ऐकू येऊ दे."

पहिला फोन मावशीला लागला. "मावशी, ते आईबद्दल जरा... म्हणजे तेव्हा परिस्थितीच अशी होती, आमच्यात थोडा गैरसमज, सगळेच त्या दुःखात होतो ना..."

"काय बोलतेस? मला काही कळेना," मावशी घाबरली. "ताई बरी आहे ना?"

आई समोर बसून नुसती बघत होती. कात्रीने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"आई काहीच विसरत नव्हती. दादाने तिला न विचारता बाबांचा शर्ट नेऊन कापला. ती तो शोधत होती. आणि मी काहीही खात्री न करता, आईचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. मावशी, माझं चुकलं."

पलीकडे मावशी रडायला लागली, आणि फोन कट झाला.

"आता काकांना लाव," आई म्हणाली.