रंगुबाईचा डफ

रंगुबाई कोल्हारकरीण फडात उभी राहिली आणि डफावर पहिली थाप पडली, की माणसं पटका सावरून बसत. काय गळा होता! पार मागं बैलगाडीवर बसलेल्याला वाटावं, बाई आपल्याच कानाशी गातेय. डफ तिच्या वडिलांचा, घामानं काळ्या पडलेल्या कड्याचा. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. बाई डफ उशाशी घेऊन निजायची.

भेदिक म्हणजे गाण्यातलं भांडण. दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल घालणार. ज्याला उत्तर आलं नाही, त्यानं आपला डफ दुसऱ्याच्या पायाशी ठेवायचा. तो परत मिळत नसे.

पाथर्डीच्या सूर्यभान शाहिरानं एकदा तिला बोलण्यात असं गुंतवलं, की डफ जाता जाता वाचला. म्हणून सेहेचाळीसच्या हिवाळ्यात ती मिशनच्या शाळेतल्या यशया मास्तरांकडे गेली.

"मास्तर, बोलनं कुठं खोटं हाय ते वळखायला शिकवा."

मास्तर म्हणाले, "पाऊस पडला की अंगण ओलं होतं. आज तुझं अंगण ओलं आहे. मग पाऊस पडला का?"

"पडला आसंल की."

"आणि सकाळी सडा कोणी घातला?"

रंगुबाई तोंडाला पदर लावून हसली. हिवाळाभर ती शिकली. एकामागून एक आलं म्हणून एकामुळं दुसरं आलं असं होत नाही. आणि जे ठाऊक नाही, ते ठाऊक आहे असं कधी म्हणायचं नाही.

उन्हाळ्यात पुणतांब्याच्या जत्रेत भर दुपारी फड लागला. गावात पटकी होऊन गेली होती. समोर बसलेल्या, घरचं माणूस गेल्यावर मुंडलेल्या कितीतरी डोक्यांवर अजून केस उगवले नव्हते.

सूर्यभान पुढं आला. "रांडमुंड बाई आली की गावात पटकी येती. संक्रांतीला ही हितं गाऊन गेली, मागनं पटकी आली. सांगा पंच, कुनी आनली?"

"दादा, संक्रांतीला माझ्यासमूर तूच गात हुतास," रंगुबाई म्हणाली. "मंग तुझं बी पाय पांढरंच का?"

फड हसला. पंच काकासाहेबांनीही फेट्याचा शेमला तोंडावर धरला.

"बरं, तू न्हाई आनली," सूर्यभान मऊ आवाजात म्हणाला. "मंग कशानं आली?"

हसू थांबलं. ती मुंडलेली डोकी तिच्याकडे बघत होती. देवीचा कोप, एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती. शब्द ओठावर आलेही होते.

"मला ठाऊक न्हाई."

"मंग डफ ठेव, बाई," काकासाहेब म्हणाले.

"पन त्याचं बोलनं खोटं ठरलं न्हवं?"

"ठरलं की. तुझं उत्तर कुठंय?"

मागून कुणीतरी खेटर भिरकावलं. तिनं डफ ठेवला.

"कातडं सैल पडलंय, शेकाया पायजे," म्हणत सूर्यभानानं तो पाचटाच्या जाळावर धरला. सगळेच शाहीर धरतात. त्यानं काढला मात्र नाही. कातडं चरचरलं, आक्रसलं, फाटलं. मघाशी तिच्या बाजूनं हसलेली माणसं आताही हसली. रिकामं कडं त्यानं तिच्या पुढ्यात टाकलं.

कोल्हारला मास्तरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला. "बिनचूक बोललीस, रंगुबाई. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे जमलं नसतं."

तिनं ते काळं कडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मंग मास्तर, बिनचूक बोलल्यावर बी माझा डफ का जळला?"

मास्तरांनी कड्यावरून बोट फिरवलं.

"देवाची इच्छा असेल, बाई."

रंगुबाईनं कडं उचलून घेतलं. पुढल्या हंगामात ती ऊस तोडायला गेली, आणि कोल्हारात तिचा गळा पुन्हा कुणी ऐकला नाही.