कणगीतलं इंग्रजी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी कणगीत बसून जमवलं. (ती म्हणते, मी कणगीत बसूनसुद्धा ते जमलं. असो.)

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी मॅट्रिकच्या इंग्रजीत नुकताच दुसऱ्यांदा नापास झालो होतो. तरी अख्ख्या वडनेर भोलजीत इंग्रजीचा जाणकार मीच! कारण बुलढाण्याला बोर्डिंगात राहून शिकणारा मी, आणि सुटीत एस.टी.तून उतरताना माझ्या काखेत डिक्शनरी असायची. ती उघडलेली मात्र कोणी पाहिली नव्हती.

इंदूला रोहिणखेडचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. सातवीनंतर इंदूची शाळा सुटली होती, पण माझी पुस्तकं घेऊन ती चुलीपाशी अभ्यास करायची. मुलानं निरोप धाडला, "लग्नानंतर मॅट्रिकला बसायचं असेल तर खुशाल बसा." त्या दिवशी आनंदाच्या भरात इंदूनं दोन भाकरी करपवल्या. आयुष्यात तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

अडचण एकच, मुलाचे मामा! रिटायर हेडमास्तर. त्यांचा होकार तोच घराचा होकार. मध्यस्थानं आतली बातमी आणली की मामा सुईत दोरा ओवायला लावत नाहीत, चालून दाखवायला लावत नाहीत. प्रत्येक मुलीला एकच प्रश्न विचारतात, "एक्झिस्ट म्हणजे काय, आणि तो शब्द आला कुठून?" तीन मुली त्या शब्दावर घरी राहिल्या होत्या.

"दादा, मले येते ते," इंदू म्हणाली. "तुह्याच डिक्शनरीत पाह्यलं."

"येते म्हन्ते, अन् ऐन वक्ताले तोंड उघडत नाई. माह्यं काय झालं, माहीत हाये ना?"

"म्हनूनच तू मधात पडू नको!"

पण बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी मधात पडलो. अगदी मधोमध.

त्या साली ज्वारी बेताची झाली होती. बैठकीतली बांबूची मोठी कणगी रिकामी होती आणि पाहुण्यांना रिकामी कणगी दाखवणं म्हणजे घराची अब्रू गेली. म्हणून बाबांनी कणगीच्या तोंडाशी तुराट्या आडव्या घातल्या, त्यावर पोतं अंथरलं आणि पोत्यावर दोन पायल्या ज्वारी पसरली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, कणगी काठोकाठ! बाबा गावकुसापर्यंत पाहुण्यांना आणायला गेले तसं आईला पटवून मी ते सगळं बाजूला काढलं आणि आत उतरलो. आईनं माझ्या डोक्यावर तुराट्या, पोतं आणि ज्वारी पुन्हा रचली आणि म्हणाली, "लेका, हालू नको बरं." इंदूचा पाट कणगीला लागूनच होता. विणीच्या फटीतून मला तिचा कान दिसत होता.

पाहुणे आले. चहा झाला. मामांनी घसा साफ केला.

"एक्झिस्ट म्हणजे काय, पोरी?"

"असणं. अस्तित्वात असणं," इंदू शांतपणे म्हणाली.

"वा! अन् शब्द आला कुठून?"

इंदूनं पदर सारखा केला. तेवढंच! पण आत मला वाटलं, झालं, विसरली! मी फटीला तोंड लावून कुजबुजलो, "लॅटिन! लॅटिन!"

मामांची मान कणगीकडे वळली.

"कोन बोललं?" मामांनी विचारलं.

मी आत आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त कणगीची काळजी! ते घाईघाईनं म्हणाले, "उंदीर असन मामा. घरात जवारी लय झाली, तं येतेच."

"लॅटिन बोलनारा उंदीर?" मामा उठले. "पाहू बरं जवारी कशी हाये."

मामा हेडमास्तर असले तरी कास्तकाराचं रक्त. धान्य नुसतं डोळ्यांनी पाहणं त्यांना कुठलं पटायला? त्यांनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात खुपसला. तुराट्या कडकड मोडल्या. पोतं, दोन पायल्या ज्वारी आणि मामांचा हात, सगळंच माझ्या डोक्यावर आलं. त्यातली ज्वारी तेवढी खाली घसरली. मामांच्या मुठीत माझे केस राहिले!

त्यांनी ओढलं. मी उभा राहिलो. कानांतून, कॉलरीतून ज्वारी गळत होती. बाबांनी डोळे मिटले. आई दारामागे रडायला लागली. मला वाटलं, संपलं. माझ्या मूर्खपणापायी इंदूचं मॅट्रिक, इंदूचा मास्तर, सगळं गेलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. (निकालाच्या दिवशीसुद्धा नाही.)

इंदू पाटावरून हललीदेखील नाही. तिनं उत्तर पुरं केलं.

"लॅटिन शब्द हाये, मामा. बाहीर येऊन उभं राहनं, असा त्याचा मूळ अर्थ." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा माहा मोठा भाऊ."

मामांनी माझे केस सोडले. मग असे हसले, असे हसले, की चष्मा कणगीत पडला. तो मलाच काढून द्यावा लागला.

बाबा हात जोडून पुटपुटले, "मामा, जवारीचं मी तुमच्यापासून लपवलं..."

"काहाले मनाले लावून घेता?" मामांनी बाबांचे हात धरले. "आमच्या घरच्या कनगीत बी वरतून जवारी अन् खाली पोतंच हाये. तुमी याल त्या दिवशी फक्त हात घालू नका!"

लग्न झालं. इंदू पहिल्या झटक्यात मॅट्रिक झाली. तिसऱ्या वेळी मीही झालो, कारण त्या खेपेला शिकवणी तिची होती. पुढे ती शिक्षिका झाली. वर्गात हा शब्द आला की ती डिक्शनरी उघडत नाही, माझी गोष्ट सांगते. रोहिणखेडला गेलो की पोरं रस्त्यात मला थांबवून कौतुकानं न्याहाळतात. परवा एकानं तर विचारलं, "मामा, तुमी खरंच एक्झिस्ट करता?"

मी म्हटलं, "बाबू, कोनी केस धरून ओढलं तरच!"