सागाखाली काय लागलं?
शिजत्या हळदीचा उग्र वास आला की मला मास्तर म्हणून माझी पहिली शाळा आठवते, कुरुंद्याकडच्या हळदीच्या पट्ट्यातली. अंगणात सागाच्या वाळक्या पानांचा खच पडला होता, त्यावरून चाललं की करकर वाजायचा. मी चौथीच्या पोरांना समजावलं, "उन्हाळ्यात पाणी कमी पडतं आणि पानांतून ते उडून जातं, म्हणून झाड पानं गाळून स्वतःला वाचवतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन पाहतो तर अर्धा वर्ग परसबागेची खुरपी घेऊन सागाचं बूड उकरत होता! "अरे, काहून?" मी ओरडलो. मातीनं माखलेली एक पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, पाला वाळला की हळद काढतेत. याचाबी वाळला. खाली काय लागलं, पाहून राहिलो." पानगळ मी अजूनही शिकवतो, पण आधी खुरपी कपाटात टाकून कुलूप लावतो.