रेडिओतलं दार

खुनाच्या गोष्टी ऐकून माणूस हुशार होतो, असं मला वाटायचं. सुरतेजवळ डिंडोलीत आम्ही चार-पाच शेजारणी रेडिओवरची जासूसी नाटकं ऐकत होतो. हुशार कोणीच झालं नाही. किस्से मात्र इतके साठले की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधे घुसतो, आणि बहुतेकांत वेडी ठरते ती मीच!

*

आमच्या खोलीमागे पावरलूमचा कारखाना. दिवसभर खटखट. नाटक नीट ऐकू यायचं ते लाइट गेली की. लूम थांबायचे आणि रत्नामावशींचा सेलवरचा रेडिओ आमच्या खोलीत बोलायला लागायचा. लाइट जावी म्हणून देवाला हात जोडणाऱ्या बायका साऱ्या सुरतेत आम्हीच असू. आमचे हे त्याच कारखान्यात लूमचे मिस्त्री. म्हणायचे, "तिकडे मी लूम चालावेत म्हणून मरतो, इकडे तू बंद पडावेत म्हणून उदबत्ती लाव."

रत्नामावशी धुळ्याकडच्या. साड्यांचे धागे कापत ऐकायच्या. नाटकात कोणी खोकलं तरी कात्री थांबवायच्या.

*

एकदा नाटकात कोणीतरी दार ठोठावलं. मी उठले, पदर सावरला, कडी काढली. बाहेर कुत्रं झोपलेलं.

"बठ ना व माय," रत्नामावशी म्हणाल्या, "ते रेडिओमानं दार शे."

मी बी.ए. झालेली, म्हणून बायका जरा जास्तच हसल्या. यांना कळलं तेव्हा म्हणाले, "रेडिओतलं दार उघडायला उठणारी जगात तू एकटीच."

*

एका नाटकात इन्स्पेक्टर म्हणाला, "खूनी इसी कमरे में है, और उसका नाम है..." आणि लाइट आली. लूम सुरू. नाव गेलं खटखटीत.

आठवडाभर वाद. कोणी म्हणे नोकर, कोणी म्हणे डॉक्टर. मी म्हटलं, मोठी जाऊ.

"का व?"

"फार गोड बोलते."

"मग तू आपल्या सासूवरबी नजर ठेव," रत्नामावशी म्हणाल्या.

*

माझी स्वतःचीही एक केस चालू होती. आमचा सोनू दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. हाक मारली तरी वळेना. लूमच्या खटखटीत जन्मलेलं पोर. त्याला ऐकू येतं की नाही, हेच कळेना. डॉक्टर म्हणाले, थोडं थांबून बघू. थांबणं मला कुठलं जमायला? मी तपास हाती घेतला. त्याच्या पाठीमागे जाऊन ताट आपटलं. सोनू ढिम्म. परात आपटली. ढिम्म. घरमालकीणबाई मात्र धावत आल्या. "झघडो थयो के, बेन?"

"मी काही केलं नाही," हे घाईघाईने म्हणाले. इन्स्पेक्टर असता तर यांनाच धरून नेलं असतं.

सोनू चमच्याशी खेळत राहिला. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

*

मग एका दुपारी लाइट गेली. नाटक ऐन रंगात. सोनू रेडिओकडे पाठ करून बसलेला. इन्स्पेक्टर खुन्याचं नाव घेणार, इतक्यात नाटकात दार वाजलं. मी पाय घट्ट रोवून बसले. या वेळी फसायचं नाही.

सोनूने चमचा खाली ठेवला. उठला. डुलत डुलत दाराशी गेला आणि टाचा उंचावून कडीकडे हात करू लागला.

रत्नामावशींनी कात्री ठेवली आणि स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला.

लूम बंद म्हणून हेही घरी आले. मी सांगितलं. यांनी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि ठोठावलं.

मी सोनूकडे बघत बसले, जागची हलले नाही.