बाईंच्या बोटांतली कमांड

प्राण्यांच्या त्या दवाखान्यात डॉक्टर होते, हिशेबनीस होते, रिसेप्शनवर ताई होत्या. पण दवाखाना चालवत होत्या त्या बाई. असं निदान बाईंचं स्वतःचं मत होतं. लोक त्यांना मागे कमांडबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई.

जनावरांचे केसपेपर, अपॉइंटमेंटा, लसींचे मेसेज, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि ते सॉफ्टवेअर एका कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की बाईंची कळी खुलायची. "चहापत्ती आणि कांदा आपण एका डब्यात ठेवतो का? नाही ना? वास लागतो. तसंच कॉम्प्युटरमध्ये. ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या डब्यात."

हा डबा सुरू करायला काळ्या पडद्यावर एक लांबलचक कमांड द्यावी लागे. डब्याचं नाव काय, कुठल्या पोर्टवर उघडायचा, म्हणजे बाहेरच्या कुठल्या नंबरच्या दारातून आतल्या कुठल्या नंबरला जायचं, केसपेपर ठेवलेलं बाहेरचं कुठलं फोल्डर त्याला जोडायचं, मेमरी किती, पासवर्ड काय. शहाणी माणसं हे सगळं फाइलमध्ये लिहून ठेवतात. बाई? छे! कीबोर्डकडे न बघता एका दमात सगळी कमांड टाइप करायच्या आणि एंटर असा हाणायच्या की शेजारचा पाण्याचा ग्लास हलावा. बरं, कमांडच्या आधी एक मोकळी जागा सोडायच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या इतिहासातही तिची नोंद राहू नये. पासवर्ड असतो ना त्यात! आणि मधेच त्यांची लाडकी सूचना: डबा बंद पडला की त्यानं स्वतःला पुसून टाकायचं. "माझ्याकडे पसारा चालत नाही," हे वर.

"बाई, एकदा लिहून ठेवा हो," हिशेबनीस अधूनमधून म्हणायचे.

"सगळं डोक्यात आहे माझ्या."

"डोकं रजेवर गेलं तर?"

"गेलंय का आजवर?" बाई विचारायच्या, आणि हिशेबनीस पुन्हा वहीत डोकं घालायचे.

पण आता खरोखरच रजेवर जायची वेळ आली होती. परगावी राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. डॉक्टर म्हणाले, "खुशाल जा. फक्त तुमच्यामागे हे कोण सुरू करणार तेवढं सांगा." बाईंनी तोडगा काढला, लॅपटॉप बरोबर नेते, तिथूनच कमांड देते. लेकीला फोनवर हे सांगायचा अवकाश, ती उसळलीच.

"आई, तो लॅपटॉप घेऊन येणार असशील तर येऊच नकोस. मी सासूबाईंना बोलावते."

 विहीणबाई चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या, तोच तर सगळा घोळ होता. त्यांनी एकदा बाळाचा ताबा घेतला की आजी म्हणून आपण उरलो फोटोपुरत्या! पण म्हणून कमांड दुसऱ्याच्या हाती द्यायची? तेही जिवावर आलं होतं. बाईंनी लेकीला "बघते" म्हणून फोन ठेवला, आणि बघायचं पुढे ढकललं.

त्याच आठवड्यात एका थोराड कुत्र्यानं आंघोळ झाल्यावर दवाखान्यात अंग झटकलं, फरशीवर तळं झालं आणि बाई त्यात सपशेल आडव्या झाल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी प्लास्टर मिरवत त्या कामावर आल्या, तेवढ्यात वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण डबा नव्हता. बाईंच्या हुकुमाप्रमाणे त्यानं स्वतःला स्वच्छ पुसून टाकलं होतं. केसपेपर बाहेरच्या फोल्डरमध्ये शाबूत होते, पण ते उघडायला डबाच उरला नव्हता.

बाहेर मांजरं फिस्कारत होती, एक पोपट वाटेल ते बोलत होता, आणि कुणाला कसलं इंजेक्शन ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "हिशेबनीस, तुम्ही बसा. मी सांगते तसं टाइप करा."

हिशेबनिसांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि एक बोट उगारलं.

"डॅश डॅश नेम."

"डॅश किती?"

"आत्ताच दोन म्हणाले ना!"

"तसं नाही, दोघांच्या मधे जागा?"

"अहो, चिकटून! पोर्टला मात्र एकच डॅश. नाही, थांबा... तिथे आधी बाहेरचा नंबर की आतला?"

हिशेबनीस सावकाश वळले. "हे तुम्ही मला विचारताय?"

बाईंनी डोळे मिटले. डोक्यात काही नव्हतंच! डोळ्यांसमोर पडदा दिसत होता, पण त्यावर अक्षरं नव्हती. आठवलं ते सांगितलं. पडद्यावर लाल ओळी उमटल्या. नंबर उलटे केले, पुन्हा लाल. अखेर एकदाचा डबा सुरू झाला. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

फार वेळ नाही. थोड्याच वेळात फोन वाजू लागले. पहिल्या फोनवर एक मालकीणबाई रडत होत्या: त्यांचा बोका जाऊन वर्ष होत आलं, आणि दवाखान्याचा मेसेज आला होता, 'आज लसीसाठी घेऊन या.' मग एक गृहस्थ चिडले. कुत्रा केव्हाच मेव्हण्याला देऊन टाकला म्हणाले. ताई माफी मागून मागून रडकुंडीला आल्या. बाईंनी मागच्या वर्षी सगळा डेटा नव्या डिस्कवर हलवला होता. बोटांना ते माहीत होतं. तोंडानं मात्र जुन्याच डिस्कचं फोल्डर सांगितलं होतं, आणि डब्यानं बिनतक्रार मागचं वर्ष उघडून दाखवलं.

"बंद करा ते!" बाई ओरडल्या. "मला काहीच येत नाही हो. माझ्या बोटांना येतं, मला नाही."

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. त्यांनी प्लास्टरमधून डोकावणारी बोटं पाहिली. "ही हलतात?"

"दुखतं जरा."

"मग बोटांनाच विचारा. तुम्ही मधे पडू नका."

बाईंनी हिशेबनिसांना उठवून खुर्ची घेतली आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. ताईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "बाई, बाळासाठी काय काय घेतलंत?" बाई छताकडे बघत सांगत सुटल्या, लोकरीचे मोजे घेतलेत, जरा मोठेच झालेत, पिवळी टोपी घेतली, लेकीला पिवळा आवडत नाही पण तिला कोण विचारतंय. आणि बोटं खाली टकटक, टकटक करत चालली होती. बोलणं टोपीपर्यंत आलं तेव्हा पडद्यावर कमांड पुरी झाली होती.

एंटरवर बोट गेलं, इतक्यात हिशेबनीस म्हणाले, "थांबा."

एवढंच म्हणाले. पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. एंटर मारला तर सगळं पूर्ववत होणार होतं. दवाखाना बाईंचा, आणि बाई दवाखान्याच्या. तिकडे विहीणबाई बॅग भरायला बसल्याच असतील. बाईंनी एंटरवरून बोट उचललं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "घ्या उतरवून. फाइलमध्ये. आणि पासवर्ड त्यात घालू नका, तो वेगळा ठेवू."

उतरवताना त्यांनी स्वतःहून 'पुसून टाक' खोडायला लावलं आणि त्या जागी 'बंद पडलास तर आपला आपण ऊठ' ही सूचना घातली. हिशेबनिसांनी एक छोटी कमांड दिली, आणि डबा सुरू झाला. खऱ्या, जिवंत जनावरांसकट. बाईंना हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीतलं जास्त काय ते त्यांना ठरवता येईना.

लेकीकडे त्या लॅपटॉपशिवाय गेल्या. प्लास्टर निघालं, मग नात झाली. फोन मात्र त्यांनी क्षणभरही दूर ठेवला नाही. दवाखान्यातून कधी फोन येईल, सांगता येत नव्हतं. बरेच दिवस उलटले, येईना. शेवटी न राहवून त्यांनीच लावला.

"काय म्हणतोय आपला डबा?"

"मजेत," हिशेबनीस म्हणाले. "परवा दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा आपला आपण उठला."

"मग मला फोन नाही केलात?"

"कशाला?" हिशेबनिसांनी निरागसपणे विचारलं.

बाईंनी फोन ठेवला आणि त्यांना रडूच कोसळलं. इतकी वर्षं, आणि कशाला! लेक आतून धावत आली. तिच्या खांद्यावर बाळ गळा काढून रडत होतं. "आई, काय झालं? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही गं. सगळं व्यवस्थित चालू आहे."

"मग रडतेस कशाला? आणि हिला घे ना जरा. मघापासून जोजवतेय, माझ्याकडे गप्पच राहत नाही."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, फोन बाजूला सारला आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे," त्या म्हणाल्या.