टेबलावर चढण्याआधी खरं बोला

माझ्याकडे मालिश करून घ्यायला येणाऱ्या बायका दोन बाबतींत हमखास खोटं बोलायच्या, जेवण आणि बीपी. 'जेवून येऊ नका, पोट हलकं ठेवा,' असं मी फोनवर घसा फोडून सांगायची. पलीकडून 'हो हो' यायचं. मग बाई टेबलावर पालथी झोपली आणि मी पाठीवर जरा दाब दिला, की श्रीखंड-पुरीचा ढेकर यायचा. विचारलं तर म्हणायची, "थोडंसंच खाल्लं हो, घरात केलं होतं ना." बीपीची गोळी चालू आहे का, याला उत्तर 'नाही', कारण त्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची राहिलेली असायची. म्हणजे चालू नाही. अशा बाईशी काय वाद घालणार?

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत माझं काम चालायचं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या, आतल्या खोलीत टेबल, मध्ये दार. मोबाइल नुकते घरोघरी पोचले होते आणि बायका वेळ ठरवायला मिस्ड कॉल द्यायच्या, म्हणजे त्यांच्या कंबरेसाठी फोन मी करायचा. पाटीवर 'उपचारासाठी मालिश' आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत 'फक्त स्त्रियांसाठी' असं लिहून घेतलं होतं. तरी पुरुषांचे फोन यायचेच. मी गोड आवाजात सांगायची, "या ना. पुरुषांची मालिश माझे मिस्टर करतात, पूर्वी कुस्ती खेळायचे." एकही आला नाही. मिस्टर बँकेत होते आणि त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकणही उघडता यायचं नाही.

दुखलं म्हणजे गुण आला, ही आणखी एक समजूत. जवळच्या गोडदेव गावातल्या एक आजी यायच्या. मी हळूहळू दाब वाढवत नेला, की त्या खालून ओरडायच्या, "हाताला जोर हाय का न्हाय गो पोरी?" जोर दिला, की दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात माझ्या नावाने शंख. दुखायला लागलं तर तिथल्या तिथे सांगा, घरी जाऊन नको, हे मी किती जणींना सांगितलं असेल!

आणि एकटी कोणी यायचीच नाही. बहीण, जाऊ, शेजारीण, कोणीतरी बरोबर हवंच. मी एकीला विचारायची, उत्तर दुसरी द्यायची. म्हणून मी नियम केला होता, सोबतीणीने बाहेर बसायचं आणि प्रश्न आत, दार लावून.

एक दिवस एका सासूबाईंचा फोन आला. मिस्ड कॉल नव्हे, चक्क पूर्ण फोन. मूळच्या रत्नागिरीच्या, आता आमच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या.

"सुनेची कंबर धरलीये. चांगली रगडून द्या. पण आधी काय काय विचारता हो तुम्ही?"

मला कोण आनंद झाला! असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी धडाधड सांगितलं. बीपी, शुगर, ऑपरेशन, अंगावर पुरळ, ताप, दिवस गेलेत का.

"दिवस गेले असले तर?"

"तर मी टेबलावर घेतच नाही. पहिले तीन महिने मुळीच नाही, आणि नंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ पक्की करून टाकली. काय समंजस बाई आहे, असं मी संध्याकाळी मिस्टरांना कौतुकाने सांगितलं.

सकाळी दोघी आल्या. सासूबाई दाराला अगदी लागून असलेल्या खुर्चीवर बसल्या. सुनेला मी आत घेतलं, दार लावलं आणि विचारायला सुरुवात केली. बीपी नाही, शुगर नाही, ऑपरेशन नाही. "दिवस गेलेत?" म्हटल्यावर ती दाराकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले.

"ताई, आईंना सांगू नका," ती कुजबुजली.

दुसरा महिना चालू होता. गेल्या वर्षीही तिला दिवस गेले होते. तेव्हा कळलं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, गावाला फोन केले, आणि पुढे ते राहिलं नाही. मग ज्यांनी पेढा खाल्ला होता त्यातल्या बायका तिला लिफ्टमध्ये गाठून 'काय गं, कसं काय झालं?' विचारायच्या. म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं, तीन महिने पुरे होईपर्यंत नवऱ्याशिवाय कोणाला सांगायचं नाही.

"अगं, मग इथे आलीस कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं. परवा त्या बांगडे तळत होत्या आणि मी तोंडावर हात धरून पळाले. तेव्हापासून त्या माझ्यावर नजर ठेवून आहेत. कंबर दुखतेय असं मी बोललेही नव्हते."

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समंजस कसली, पक्की बेरकी बाई! मी बाहेर जाऊन 'हिची मालिश करता येणार नाही' म्हटलं, की हिला दिवस गेलेत हे त्यांना कळणार. माझ्या टेबलाचा त्या बाईने तपासनीस करून टाकला होता. मला भयंकर राग आला, आणि मला राग आला की खोड्या सुचतात.

मी सुनेला खुर्चीत बसवलं. केसांना हलक्या हाताने तेल लावलं, हातांना थोडं चोपडलं, म्हणजे बाहेर जाताना वास तरी यावा. मग टेबलावर लोड ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याला धोपटायला लागले. धप, धप, धप.

"कण्ह," मी हळूच म्हटलं.

आधी तिला जमेना. मग एकदा 'आई गं' निघालं आणि पोरगी रंगात आली. मधूनमधून ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबत होती. मीही चेकाळले. "आता कंबरेला जोर लावते हं!" असं मोठ्याने म्हणून मी लोडाला गुडघा लावला.

"लावा ताई! पोटापर्यंत जाऊ दे!" ती ओरडली.

त्याबरोबर दारावर धडाधडा थापा पडल्या.

"थांबा! आधी थांबा! तिच्या पोटाला हात लावू नका! दिवस गेलेत तिला!"

मी दार उघडलं. सासूबाईंना दिसलं ते असं: सून खुर्चीत, केस तेलाने चापून बसवलेले, आणि टेबलावर मार खाऊन आडवा झालेला लोड.

"अगंबाई, काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. "मला वाटलं, तू यांच्याशीही खोटं बोललीस. जीव गेला गो माझा."

सुनेचं हसू मावळलं होतं. "तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळतं, आई. गेल्या वेळी सगळ्यांना तोंड मी दिलं."

"सगळ्यांना नाही," सासूबाई म्हणाल्या. "जिथे जिथे पेढा दिला होता, तिथे मी परत गेले होते. एकेक दार वाजवून सांगितलं, राहिलं नाही, माझ्या सुनेला काही विचारू नका. गावचे फोनही मीच केले. ज्या घरांना कुलूप होतं तेवढी राहिली. त्या बायका तुला लिफ्टमध्ये भेटल्या."

सुनेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने तेलकट हातांनी सासूचा हात धरला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू यायला लागलं आणि ते दिसू नये म्हणून मी तेलाची बाटली पुसत बसले.

"त्याला माहितीये?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"हो."

"मेला! काल मला सांगतो, हिला ॲसिडिटी झालीये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीन महिने होईपर्यंत मला काही ठाऊक नाही. आणि तुम्ही हिची कंबर रगडलीत. काय?"

"चांगली मोकळी करून दिली," मी म्हटलं.

मी दारात उभी राहून बघत होते. सासूबाईंनी सुनेचा दंड धरला होता आणि ओट्याची एकेक पायरी तिला बघून उतरवत होत्या. तेवढ्यात गेटाबाहेर भाजीच्या गाडीवर त्यांच्या बिल्डिंगमधली कोणीतरी वळून बघायला लागली. सासूबाईंनी चटका बसावा तसा हात सोडला.

"चल गो, पाय उचल की जरा!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "एवढी मालिश करून घेतलीस, तरी चालतेस कशी बघ!"

आणि स्वतः रस्त्याने धावणाऱ्या रिक्षांच्या बाजूला जाऊन, सुनेच्या किंचित मागे राहून, तिच्याच चालीने हळूहळू चालायला लागल्या.